न मोजलेली मेंढरं

मी नोकरी म्हणून काय करते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "आमची सून खेड्यात जाते आणि लोकांना नाही ते विचारत बसते." मी चिडायचे. आता निवृत्त झाल्यावर वाटतं, बाईंनी आमचं अख्खं शास्त्र एका वाक्यात बसवलं होतं.

मानवशास्त्र म्हटलं की लोकांना कवट्या आठवतात. आमच्या होटगी रोडच्या सोसायटीतले एक गृहस्थ मला भेटले की हमखास विचारतात, "काय मॅडम, खोदकामात काही सापडलं का?" अहो, मी खोदत नाही! मी जिवंत माणसांकडे जाते. माळ, गवत, पाणी, जळण ह्या गोष्टी गावात सगळ्यांच्या असतात, म्हणजे कागदावर कुणाच्याच नसतात. तरीही कुणी किती घ्यायचं, कधी घ्यायचं, कुणी आधी आणि कुणी मागून, हे ठरलेलं असतं. ते कोण ठरवतं, कसं पाळतात आणि कुठं बिनसतं, हे मी सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात उभं आयुष्य बघत हिंडले. बघायचं म्हणजे त्यांच्यात राहायचं, त्यांच्या चुलीवरचं खायचं आणि आपलं तोंड शक्यतो बंद ठेवायचं. यातलं शेवटचं मला फार जड गेलं. माझा नवरा म्हणतो, ते मला जमलंच नाही.

ह्या धंद्याचा एक नियम असा की लिहिताना माणसांची आणि गावांची नावं बदलायची. त्यांना त्रास होऊ नये म्हणून. हा नियम मी एकदा विहिरीच्या पाळ्यांबद्दल माहिती देणाऱ्या एका पाटलांना समजावून सांगितला. ते ताडकन उठले. "म्हंजे समदं बोलायचं मी, आन नाव लागायचं दुसऱ्याचं? हा कुटला न्याय?" पुढं दोन वर्षं त्यांनी मला विहिरीच्या कडेला फिरकू दिलं नाही. तर इथंही नावं बदललेली आहेत. ज्यांची आहेत ते वाचून मला फोन करतीलच, आणि भांडतील.

सांगायचंय ते सत्यव्वाबद्दल. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, जिथं अर्धं बोलणं मराठीत आणि अर्धं कानडीत होतं, तिथलं हे मेंढपाळ कुटुंब. सत्यव्वा, तिचा नवरा म्हाळाप्पा, एक घोडं, दोन कुत्री आणि मेंढरं. मुलगा मायाप्पा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. दिवाळी झाली की नवराबायको बिऱ्हाड घोड्यावर लादून उत्तरेला मोहोळच्या बाजूला निघायची आणि मृगाच्या सुमाराला परतायची. मी त्यांच्याबरोबर कितीदा चालले असेन! सत्यव्वा माझ्यापेक्षा वयानं थोडी लहान, पण पहिल्याच दिवशी तिनं मला "अक्का" केलं आणि लगेच कामालाही लावलं. "अक्का, वही ठेव तिकडं. हे कोकरू धर."

मेंढपाळ आणि शेतकरी यांचं नातं बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. पीक निघालं की रान मोकळं पडतं. शेतकरी मेंढपाळाला म्हणतो, माझ्या रानात मेंढरं बसव. मेंढपाळ जाळी लावून रात्रभर कळप त्या रानात कोंडतो. त्या जाळीला वाघर म्हणतात. सकाळी रानाला लेंडीखत मिळालेलं असतं आणि मेंढपाळाला ज्वारी. दोघांचं भागतं. असं किती पिढ्या चाललंय कुणास ठाऊक.

आता माझी पंचाईत. संशोधन म्हटलं की पहिला प्रश्न असतो, जनावरं किती? मी पहिल्याच आठवड्यात म्हाळाप्पाला तो विचारला. त्यानं आभाळाकडं बघितलं आणि म्हणाला, "औंदा थंडी कमीच म्हणायची." मी परत विचारलं. तो उठून घोड्याला पाणी पाजायला गेला. सत्यव्वानं मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "यव्वा! आसं इचारतेत व्हय अक्का? मोजलं की नजर लागती. त्येच्या बापाच्या येळंला कुणीतरी साहेब मोजून गेला. आठ दिसात रोग शिरला. निम्मी गेली."

मी शहाणी, शिकलेली. हसू आलं नाही, कारण मला आमच्या घरची पंगत आठवली. जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजलेल्या माझ्या आईला कधी खपल्या नाहीत. वाढणारी मोठ्यानं "ही चौथी हं" म्हणाली की आई डोळे वटारायची. का, ते कुणी सांगत नव्हतं. पाळलं जायचं एवढंच. तेव्हा मी ठरवलं, ह्या घरची मेंढरं मोजायची नाहीत. लांबून, पुलावर उभं राहून, मनातल्या मनातसुद्धा नाही.

ह्या ठरवण्याची किंमत मोजावी लागली. माझा निबंध मोठ्या नियतकालिकातून परत आला. शेरा होता, लेखिकेनं कळपाच्या आकाराची मूलभूत माहितीही दिलेली नाही. बढतीच्या मुलाखतीत समोरच्या विद्वानांनी तोच मुद्दा काढला आणि एकमेकांकडं बघून हसले. बढती दुसऱ्याला मिळाली. वाईट वाटलं का? वाटलं. बसस्टँडवर उभी राहून रडले, आणि घरी जाऊन नवऱ्याशी उगाच भांडले.

मोहोळ तालुक्यातल्या ज्या गावी सत्यव्वाचा उन्हाळ्याचा मुक्काम असे, त्या गावाला एक कुरण आहे. पवना, मारवेल, कुसळी, चांगलं उंच गवत. मध्यंतरी ते पार बोडकं झालं होतं. गावानं समिती नेमली, चर खणले, काही वर्षं चराई बंद ठेवली आणि गवत परत आणलं. ह्या समितीचे अध्यक्ष गणपतआप्पा. आप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत डोकी मोजल्याशिवाय त्यांनी घंटीची दोरी ओढली नव्हती. तिकिटं आणि माणसं यांत एकाचा जरी फरक निघाला, तर गाडी माळावर उभी करून परत मोजायचे. लोक शिव्या घालायचे, पण आप्पांच्या गाडीत फुकट्या प्रवासी कधी सापडला नाही, हेही तेच लोक सांगायचे.

अशा माणसाच्या हाती कुरण आलं. त्यात आदल्या वर्षी कुणीतरी लांबचा कळपवाला "हायत थोडी" म्हणून आत शिरला आणि गवत मुळासकट साफ करून गेला. गावच्या गाईम्हशी उन्हाळाभर हंबरत राहिल्या. तेव्हा आप्पांनी नियम केला. आधी आकडा सांगायचा, मग फाटक उघडायचं. नियमात चूक काय होती? काहीच नाही. मी त्या बैठकीला हजर होते आणि मानही डोलावली होती. सत्यव्वाचं बिऱ्हाड ह्याच फाटकाशी येतं, हे तेव्हा आप्पांच्या लक्षात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. सीनेचं पात्र कोरडं, बाभळीच्या शेंगा फेब्रुवारीतच संपलेल्या. मी गावात होते. उन्हं चढायला लागली होती आणि फाटकाशी कळप येऊन उभा राहिला. मेंढरांच्या बरगड्या दिसत होत्या. घोड्याच्या दोन्ही बाजूंच्या झोळ्यांतून कोकरांची डोकी बाहेर आलेली. सत्यव्वाचे ओठ फुटले होते. तरी मला बघून हसली. "आलीस व्हय अक्का? बऱ्या येळंला हायस."

आप्पा फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले. "रामराम म्हाळाप्पा. किती हायती?"

म्हाळाप्पानं आभाळाकडं बघितलं.

"आवं, आभाळात काय बगता? मेंढरं किती?"

"हायती तुमच्याम्होरं."

"म्होरं हायती ते दिसतंय की मला. आकडा सांगा. नियम हाय."

मी मधे पडले. आप्पांना बाजूला घेऊन नजरेचं, बापाच्या वेळच्या रोगाचं, सगळं सांगितलं. आप्पा ऐकून घेत होते, तुसडेपणा नव्हता त्यांच्यात. पण म्हणाले, "मॅडम, तुमचं पटतंय. आन मी ह्यांना सोडलं, तर उद्या दुसरा येईल. त्यो बी म्हणंल आमच्यात मोजत न्हाईत. मग माज्या कुरणाचं काय? पोरासारखं वाढिवलंय ते." तेही खरंच होतं.

मग आप्पांना एक युक्ती सुचली. ते सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "त्यांना न्हाय ना सांगायचा? नगा सांगू. मॅडम सांगतील. इतकी वर्सं संगं हिंडल्यात, अब्यास केलाय. सांगा मॅडम, किती?"

सत्यव्वानं माझ्याकडं बघितलं. ती नजर आजही आठवली तरी मला कसंतरी होतं. इतकी वर्षं ही बाई आपल्याबरोबर हिंडली ती मोजायलाच का, असं त्यात होतं.

"आप्पा, मला माहीत नाही," मी म्हणाले.

"आसं कसं? येवड्या शिकल्याल्या तुमी."

"मी मोजलीच नाहीत. माझा निबंध त्यापायी परत आला, बढती गेली. आता तुमच्यासाठी मोजू होय?"

आवाज चढला होता माझा. आप्पा बघतच राहिले. सत्यव्वानं पदरानं तोंड पुसलं आणि ती फाटकाशी खाली बसली. तिला बढती-निबंधातलं काय कळलं, ठाऊक नाही. पण मी मोजलं नव्हतं, एवढं कळलं.

आप्पांनी मायाप्पाला फोन लावला. पोरगा शिकलेला, कारखान्यातला, तो तरी आईबापाला समजावेल अशी आशा. स्पीकरवर पाठीमागं यंत्रमागांचा खडखडाट. मायाप्पा ओरडून म्हणाला, "आप्पा, मी हितं दिसभर टॉवेल मोजतो. पर घरची मेंढरं न्हाय मोजत. फोन ठिवतो, मालक बगतोय."

शेवटी म्हाळाप्पाच वैतागला. "लिवा धा."

"काय?"

"धा लिवा. झालं?"

फाटकापासून ओढ्यापर्यंत मेंढरंच मेंढरं. जमलेली माणसं फिस्सकन हसली. आप्पांचा चेहरा लालबुंद. "धा? मला येडं समजता व्हय? आयुष्यात खोटं तिकीट फाडलं न्हाय मी!" म्हाळाप्पा बिचारा थट्टा करत नव्हता. खरा आकडा सोडून कुठलाही सांगायला त्याची हरकत नव्हती, कारण मग ते मोजणं होत नाही. पण आप्पांना खोटा आकडा म्हणजे आईबहिणीवरून शिवी. दोघंही आपापल्या जागी इमानदार, आणि मधे मेंढरं उन्हात माना टाकून उभी. म्हाळाप्पानं काठी उचलली आणि घोड्याचं तोंड वळवलं. माघारी जायचं म्हणजे पुढं चारा नाही, पाणी नाही. झोळीतली कोकरं काही घरी पोचली नसती. सत्यव्वाला ते कळत होतं. ती जागची हलली नाही. "तू जा म्हाताऱ्या. मी हितंच बसती," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मीही रडले. माझ्या शास्त्रात ते बसत नाही, पण रडले.

एवढ्यात आप्पांच्या बायको, पारूकाकू, ताकाची कळशी घेऊन आल्या. सत्यव्वाला तांब्या दिला, शेजारी टेकल्या. काय चाललंय ते ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, पर आपल्या रानात मेंढरं बसिवताना तुमी कदी आकडा इचारला व्हता का?"

"त्यो काय संबंद?"

"तवा काय इचारता?"

आप्पा पुटपुटले, "वाघरा किती, ते."

झालं! गावातला कुठलाही शेतकरी मेंढपाळाला कधीच आकडा विचारत नाही. किती वाघरा लावणार, एवढंच विचारतो, कारण तेवढं रान खताखाली येतं. आप्पा स्वतः लहानपणापासून असंच विचारत आले होते. रानाच्या बांधावर ते शेतकरी असायचे आणि फाटकाशी बसले की कंडक्टर. दोन्ही एकाच माणसात राहत होते आणि एकमेकांशी बोलतच नव्हते. आणि मी? वाघर विणताना, बांधताना, सोडताना बघितलेली. तिच्यावर दोन पानं लिहिलेली. मलाही सुचलं नाही. पारूकाकूंचं म्हणणं पडलं की ह्यात सुचायचंय काय.

आप्पा खुर्चीतून उठले. घसा खाकरला. "म्हाळाप्पा, वाघरा किती हायती?"

"च्यार." ताबडतोब उत्तर. वाघर ही काही नजर लागायची वस्तू नव्हे.

"च्यारीत समदी मावत्यात?"

"मावत्यात."

"मग च्यार वाघरा कुरणात, मृग निघस्तवर. वरच्या अंगाला जायाचं न्हाय, तितं गवताचं बी धरायचं हाय. आन रातीला समित्तीवाल्यांच्या रानांत पाळीनं बसवायची." फाटकाच्या कडीला हात घालत म्हणाले, "पयली पाळी माजी."

त्यांनी फाटक उघडलं. कळप आत शिरताना आप्पा कडेला उभे होते, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. सवय हो! पारूकाकूंनी कोपरानं ढोसलं. आप्पांनी पाठ फिरवली आणि शेवटचं मेंढरू आत जाईपर्यंत रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

मेंढरं जगली. दोन म्हातारी सोडली तर सगळी. पुढं मी ह्यावर परत एक निबंध लिहिला, अभिमानानं, वाघरेच्या मापात. ह्या वेळी शेरा आला: एक वाघर म्हणजे नक्की किती मेंढ्या, ते स्पष्ट करावं. मी निबंध कपाटात ठेवून दिला. छापला असता तर बरं झालं असतं, असं अजून कधीकधी वाटतं. कुरण मात्र शाबूत आहे. आता आजूबाजूची दोन गावंही फाटकाशी वाघरा विचारतात.

त्या वर्षी मृगाच्या तोंडावर मंगळवेढ्याकडं वळीव झाल्याचा मायाप्पाचा फोन आला आणि बिऱ्हाड निघालं. एका कोकराचा पाय दुखावलेला होता. झोळीत धक्के बसले असते म्हणून सत्यव्वानं ते आणून सरळ आप्पांच्या हातात दिलं. "आप्पा, हे आता तुमचं. आमच्यातलं न्हाय ऱ्हायलं. ह्येला मोजा खुशाल, काय मोजायचं ते."

सगळे पोट धरून हसले. आप्पा हसले नाहीत. कोकरू त्यांनी धोतराच्या सोग्यात धरलं होतं आणि ते त्यांचं बटण चघळत होतं.

पुढच्या थंडीत मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. कोकराची आता चांगली मेंढी झाली होती. थोडी लंगडायची, आप्पांच्या पायाशी बसायची. जनावरांची मोजणी करणारा एक तरुण आला. आप्पांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. कंडक्टरच्या थाटात पटापट सांगितलं, गाई दोन, म्हैस एक, शेळ्या तीन, कोंबड्या सात. पोरगा खूष. असा नीट सांगणारा माणूस त्याला गावात भेटला नव्हता.

"आणि मेंढ्या?"

आप्पांनी आभाळाकडं बघितलं.

"काका, मेंढ्या किती?"

आप्पा वाकले. मेंढीला दोन्ही हातांनी उचललं, तिच्या तोंडावर उपरणं टाकलं आणि तिला आत नेऊन दार लावून घेतलं.